क्यूआर कोड छापण्याआधी: छपाईच्या दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत गणपती पेठेच्या आसपास आमचं छपाईचं दुकान आहे. वडिलांच्या काळात इथं खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून लग्नपत्रिका आणि बिलबुकं निघायची. आता पाकिटं, स्टिकर आणि फ्लेक्स निघतात, आणि दर दुसरं गिऱ्हाईक जाता जाता म्हणतं, ‘त्यात एक कोड पण टाका की.’ टाकतो. पण आधी एक गोष्ट विचारून घेतो: हा कोड बघणारा माणूस कुठं उभा असणार, आणि त्याच्या हातात काय असणार? यावर बहुतेक जण गप्प होतात. कोड तयार व्हायला पाच मिनिटं लागतात आणि पैसेही पडत नाहीत. डोकं लागतं ते या प्रश्नाला. तेच तेच सांगून घसा बसायला लागला म्हणून नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथं लिहून ठेवली आहेत.

क्यूआर कोड म्हणजे नेमकं काय? तो इंटरनेटवर असतो का?

नाही, तो कागदावरच असतो. काळ्या-पांढऱ्या घरांत लिहिलेला मजकूर, एवढंच. सगळ्यांत छोटा कोड २१ बाय २१ घरांचा असतो, सगळ्यांत मोठा १७७ बाय १७७ घरांचा. नुसते आकडे भरले तर मोठ्यात ७०८९ बसतात, इंग्रजी मोठी अक्षरं आणि आकडे मिळून ४२९६. तीन कोपऱ्यांत जे चौकोनी डोळे दिसतात, त्यांच्यावरून फोनला कळतं की कोड कुठं आहे आणि कुठल्या बाजूनं वाचायचा. म्हणून कोड उलटा धरला तरी वाचला जातो.

कोड वाचायला नेट लागत नाही. त्यात वेबसाइटचा पत्ता असेल तर पुढं तिथं जायला नेट लागतं. हा फरक नीट समजून घ्या, खाली दोन-तीन ठिकाणी कामाला येईल.

हे काढलं कुणी? वापरायचे पैसे द्यावे लागतात का?

पैसे लागत नाहीत. १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्सो या कंपनीत हा कोड तयार केला. ही कंपनी टोयोटाच्या परिवारातली, मोटारींचे सुटे भाग करणारी. साध्या उभ्या रेघांच्या बारकोडात वीसेक अक्षरंच मावायची, त्यामुळं एकेका खोक्यावर दहा-दहा बारकोड आणि कामगारांचा दिवस ते वाचण्यातच. पेटंट त्यांच्याकडंच होतं, पण वापरणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं. तसं नसतं तर आज भाजीच्या गाड्यावर हा चौकोन दिसला नसता.

यातली एक गोष्ट मला, छपाईवाला म्हणून, फार आवडते. कोपऱ्यातल्या डोळ्यांचा आकार ठरवायचा होता. बाकीच्या छापील मजकुराशी त्याची गल्लत झाली तर फोन, म्हणजे तेव्हाचं यंत्र, फसणार. मग या मंडळींनी मासिकं, हँडबिलं, पुठ्ठ्याची खोकी असं मिळेल ते छापील सामान गोळा केलं आणि काळ्या-पांढऱ्याचं कुठलं प्रमाण त्यात सगळ्यांत कमी वेळा येतं ते शोधत बसले. उत्तर आलं १ : १ : ३ : १ : १. डोळ्याच्या मधोमध आडवी रेघ ओढून मोजा, आजही तेच प्रमाण निघेल. आमच्या दुकानातली रद्दी कुणी इतक्या प्रेमानं कधी पाहिली नाही.

कोडात मराठी मजकूर बसतो का?

बसतो, पण जागा खातो. देवनागरीतलं एकेक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट (बाइट म्हणजे साठवणुकीचं माप) लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजले जातात. सगळ्यांत मोठ्या कोडात २९५३ बाइट मावतात, म्हणजे मराठी चिन्हं हजाराच्या आतच. शिवाय कोड इतका दाट होतो की नाण्याएवढा छापला तर मुंग्यांचं वारूळ दिसतं. मराठीत चार-पाच ओळींच्या पुढं सांगायचं असेल तर मजकूर वेबपानावर ठेवा आणि कोडात फक्त त्याचा छोटासा पत्ता घाला.

पैसे घेण्याचा कोड दुकानात आहेच. त्याशिवाय आणखी कशाला वापरायचा?

खरं काम इथूनच सुरू होतं. काही उदाहरणं सांगतो, त्यातली काही आम्ही छापलेली आहेत आणि काही गिऱ्हाइकांच्या गळी उतरवायचा प्रयत्न चालू आहे.

हळदीचं पाकीट घ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हा माल याच भागाची खासियत आहे असा सरकारी शिक्का. पण पुण्या-मुंबईच्या दुकानात पाकीट हातात घेणाऱ्याला त्याचं काय? पाकिटामागचा कोड उघडल्यावर कंपनीचं गुणगान आलं तर तो माणूस परत कधी स्कॅन करणार नाही. त्याला दाखवा: हळद कुठल्या गावची, शिजवली कधी, दळली कधी, कुरकुमिनचा, म्हणजे हळदीला पिवळेपणा देणाऱ्या घटकाचा, तपासणी अहवाल काय म्हणतो. जोडीला हरिपूरच्या पेवांची दोन मिनिटांची चित्रफीत टाका. जमिनीखाली खोल खड्डा, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आणि आत वर्षानुवर्षं टिकणारी हळद. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, आता राहिलीत त्यांची तरी नोंद राहील. एक सांगून ठेवतो, कायद्यानं पाकिटावर छापायलाच हवं ते, म्हणजे वजन, तारीख, परवाना क्रमांक वगैरे, कोडात ढकलून जागा वाचवता येत नाही. ‘तेवढं कोडात टाका, पाकीट मोकळं दिसेल’ असं म्हणणारे रोज भेटतात.

बेदाण्याचं तसंच. सांगलीच्या बेदाण्यालाही मानांकन आहे, २०१६ पासून. तासगावकडची निर्यातीची द्राक्षं तर अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीत असलेल्या बागांतून जातात, बाग कुठली हे शेवटपर्यंत शोधता येतं. म्हणजे परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी आपण हे सगळं लिहून ठेवतो आणि गावातल्या गिऱ्हाइकाला ‘माल एक नंबर आहे’ एवढंच ऐकवतो.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळालं. वाद्याला स्टिकर चिकटवू नका, पॉलिशचा सत्यानाश होतो. सोबतच्या कार्डावर किंवा खोळीच्या आतल्या बाजूला कोड द्या. त्यामागं ठेवा: वाद्य कुणी केलं, कुठल्या महिन्यात, भोपळा कुठून आला, तारा कुठल्या जाडीच्या, तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या गुंजणाऱ्या बारीक तारा, जुळवताना कसा आवाज यायला हवा त्याचं ध्वनिमुद्रण, आणि पुढच्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद. वीस वर्षांनी वाद्य विकायला निघालं तर ही नोंद म्हणजे त्याचं खातेपुस्तक.

आणि दवाखाने. मिरजेला उपचारासाठी सीमेपलीकडच्या कर्नाटकातून केवढे लोक येतात. डॉक्टर मराठीत सांगतात, सोबतचा माणूस मान हलवतो, घरी गेल्यावर गोळी जेवणाआधी की नंतर यावर भांडण. डिस्चार्जच्या कागदावर एक कोड, आणि त्यामागं कन्नडमधून पथ्यपाणी सांगणारा आवाज. वाचता न येणाऱ्या आजीलाही ते ऐकता येतं. हे मी दोन-तीन ठिकाणी सुचवून पाहिलं, अजून कुणी हो म्हणालेलं नाही.

खानावळीत टेबलावर मेनूचा कोड लावावा का?

माझं मत विचाराल तर नको. कोरोनात हात न लावण्यासाठी ती सोय होती. आता माणूस भुकेला येतो, एक हात रश्शात असतो, दुसऱ्या हातात पाव. भिंतीवर फळा असला की पुरतं. बाहेरगावच्या माणसासाठी कन्नड किंवा हिंदी मेनू द्यायचा असेल तर एक कोड गल्ल्याजवळ लावा.

भडंगाच्या पाकिटावर मात्र चालतो, कारण पाकीट फोडण्याआधी हात कोरडे असतात. फोडल्यानंतर कुणी फोनला हात लावत नाही.

कोडाला गणपतीचं चित्र किंवा दुकानाचा लोगो लावता येतो का?

येतो. कोडात मजकुराबरोबर दुरुस्तीचा हिशेबही भरलेला असतो. त्याच्या चार पायऱ्या आहेत: ७, १५, २५ आणि ३० टक्के. म्हणजे वरच्या पायरीला जवळजवळ ३० टक्के मजकूर झाकला किंवा फाटला तरी उरलेल्यातून गणितानं तो परत मिळवता येतो. हेच गणित पूर्वीच्या गाण्यांच्या सीडीत असायचं, ओरखडे पडूनही ती वाजायची ती याच्या जोरावर. लोगो टाकायचा तर वरची पायरी घ्या आणि चित्र मधोमध छोटं ठेवा. कोपऱ्यातले तीन डोळे मात्र झाकायचे नाहीत. एकानं तिथं तीन मोदक बसवून आणले होते. छान दिसत होते.

भोवतीनं चार घरांएवढी मोकळी पांढरी जागाही सोडावी लागते. चौकट भरून काढायची हौस असणाऱ्यांनी हे विशेष वाचावं.

रंगीत कोड चालतो का?

गडद रंग फिक्या रंगावर असेल तर चालतो. हळदीच्या एका व्यापाऱ्याला पांढऱ्यावर पिवळा कोड हवा होता, ‘आपल्या मालाचा रंग’ म्हणून. मी नाही म्हटलं, ते ऐकेनात, शेवटी शंभर लेबलं नमुना म्हणून काढून दिली. एकही वाचलं जाईना. पिवळा आणि पांढरा दोन्ही कॅमेऱ्याला सारखेच उजळ. मग उलटं केलं: पिवळ्या जमिनीवर काळा कोड. लांबून उठून दिसतो आणि वर थोडी हळद उडाली तरी काही बिघडत नाही.

चकचकीत लॅमिनेशन शक्यतो टाळा, ट्यूबलाइट त्यात चमकते आणि फोन आंधळा होतो. मॅट घ्या.

किती मोठा छापायचा?

अंतर भागिले दहा. एक फुटावरून बघणार असेल तर सव्वा इंच, दहा फुटांवरून बघणार असेल तर फूटभर. हातात धरायच्या वस्तूवर दोन सेंटीमीटरच्या खाली जाऊ नका. रिक्षामागं, एसटीमागं कोड लावायची फर्माईश येते, ती मी परत पाठवतो. पुढं गाडी पळतेय, मागचा माणूस मोटारसायकलवर फोन काढणार, आणि तुमची जाहिरात बघता बघता जाऊन आपटणार.

फ्लेक्सवर कोड वरच्या टोकाला नको. माणसाच्या छातीच्या उंचीवर हवा. आणि फ्लेक्सची घडी जिथं पडते तिथं तर अजिबात नको, हे मी एकदा स्वतःच्या पदराला खार लावून शिकलो आहे.

लग्नपत्रिकेवर कोड टाकायचा आहे. काय काय करता येईल?

कार्यालयाचा नकाशा तर सगळेच टाकतात, आणि तो कामाचा आहे. पण नकाशाची लिंक घेताना कार्यालयाच्या दारावर टाचणी आली आहे ना ते बघा, नाहीतर वऱ्हाड मागच्या गल्लीत फिरत राहतं. एका कुटुंबानं चांगली युक्ती केली. लग्नाआधी कोड उघडला की नकाशा आणि मुहूर्त, लग्नानंतर तोच कोड उघडला की फोटो. पत्रिका लोकांनी जपून ठेवली.

मात्र ‘कृपया आहेर आणू नये’ या ओळीच्या बरोबर खाली पैसे पाठवायचा कोड छापून घेणारेही भेटले. छापून दिला. आपलं काम छापायचं.

आणि पत्ता, वेळ, कार्यालयाचं नाव हे सगळं अक्षरांत असलंच पाहिजे. ज्या मामांच्या आशीर्वादासाठी पत्रिका छापतो त्यांच्याकडं बटणांचा फोन असतो.

नंतर बदलता येणारा कोड म्हणजे काय? तो घ्यावा का?

कोड एकदा छापला की बदलत नाही. बदलतं ते त्याच्या पुढचं. साध्या कोडात थेट तुमच्या पानाचा पत्ता असतो. ‘डायनॅमिक’ म्हणून जो विकतात त्यात मधल्या एका वेबसाइटचा छोटा पत्ता असतो आणि ती वेबसाइट माणसाला पुढं ढकलते. पुढचं ठिकाण तुम्ही हवं तेव्हा बदलू शकता, किती जणांनी स्कॅन केलं तेही दिसतं. वरची लग्नाची युक्ती यातूनच झाली.

धोकाही यातच आहे. माझ्या हातून झालेली चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका फुकटच्या वेबसाइटवरून कोड काढून पाचशे पत्रिका छापल्या. चौदा दिवसांची मुदत होती, बारीक अक्षरांत लिहिलेली, मी वाचली नव्हती. लग्नाच्या चार दिवस आधी कोड उघडला की ‘पैसे भरा’ अशी पाटी यायला लागली. मुलीच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो, ताट तसंच राहिलं. नव्या कोडाची स्टिकरं रातोरात काढली आणि घरोघर वाटायला माझाच पोरगा गेला.

त्यानंतरचा माझा नियम: जे वर्षानुवर्षं राहणार, म्हणजे पाकीट, पाटी, पुस्तक, त्यावर आपल्या मालकीच्या वेबसाइटचा पत्ता. तिचं वर्षाचं भाडं भरायचं आणि आतलं पान हवं तसं बदलायचं. दुसऱ्याच्या फुकट दारावर आपली पाटी लावायची नाही.

गल्ल्यावरचा पैसे घेण्याचा कोड खरंच सुरक्षित आहे का?

कोड सुरक्षित असतो, त्याच्याभोवतीची माणसं कधी कधी नसतात.

पहिली गोष्ट, यूपीआयच्या कोडात तुमचा यूपीआय पत्ता आणि नाव असतं, तुमचा पिन किंवा शिल्लक त्यात नसते. त्यामुळं कोड चारचौघांत लावायला हरकत नाही. एकाच कोडावर कुठल्याही यूपीआय अॅपवरून पैसे येतात, मग गल्ल्यावर चार कंपन्यांची चार स्टिकरं कशाला? एक ठेवा, स्वच्छ ठेवा.

दुसरी, तुमच्या स्टिकरवर रात्रीत कुणीतरी स्वतःचं स्टिकर चिकटवू शकतं. बाहेर टांगलेल्या कोडाच्या बाबतीत हे होतं. सकाळी दुकान उघडलं, उदबत्ती लावली, की एकदा आपल्या फोननं आपलाच कोड स्कॅन करा आणि नाव बघा. दहा सेकंदांचं काम.

तिसरी, गिऱ्हाइकानं दाखवलेल्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. पैसे आल्याची खोटी पाटी दाखवणारी अॅप असतात. तुमच्या अॅपमध्ये, तुमच्या बँकेच्या मेसेजमध्ये किंवा तुमच्या आवाजाच्या डब्यात आलं तरच आलं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: पैसे मिळवायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. जुनं कपाट, जुनी गाडी विकायला काढली की हमखास एखादा फोन येतो, ‘कोड पाठवलाय, स्कॅन करा, पैसे जमा होतील.’ पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. घरातल्या प्रत्येकाला हे पाठ करून घ्या. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढं सरकतात.

मंडळाच्या वर्गणीसाठी कोड हवाय. खजिनदाराचा चालेल का?

चालतो, पण भांडणं होतात. मंडळाच्या नावानं बँक खातं काढा आणि त्याचा कोड घ्या. रक्कम आधीच भरलेला कोडही करता येतो, समजा ५०१ रुपये. समोरच्याला फक्त पिन टाकायचा. पण वर्गणीच्या बाबतीत हा आगाऊपणा वाटतो. क्लासची फी, वाचनालयाची वर्गणी, सोसायटीचा देखभाल खर्च अशा ठरलेल्या रकमांना तो बरोबर.

पावतीपुस्तक बंद करू नका. ते आम्हीच छापतो म्हणून सांगत नाही.

शाळेत काय करता येईल?

शाळेच्या बाबतीत आपल्या शेजारच्या जिल्ह्यानं जगाला शिकवलंय. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मूल कोड उघडतं आणि कविता ऐकतं, गोष्ट बघतं, गणित सोडवतं. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही कोड आले. २०२० साली डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली.

दीक्षा या सरकारी शिक्षण अॅपचे पुस्तकातले कोड नीट पाहा. कोडाखाली सहा अक्षरांचा एक छोटा संकेतही छापलेला असतो. कॅमेरा बिघडला, पान फाटलं, तरी ती सहा अक्षरं टाइप करून तोच धडा उघडता येतो. मी ही कल्पना सरळ उचलली. आता कुठलाही महत्त्वाचा कोड छापताना खाली टाइप करता येईल असा छोटा पत्ता देतो.

शाळेच्या आवारातल्या झाडांना कोड लावायचे असतील तर तिथं जे वाजेल ते मुलांनीच बोललेलं असू दे. लिंबाच्या झाडाचं लॅटिन नाव कुणी ऐकत नाही. ‘आमच्या आजीनं याच्या काड्यांनी दात घासले’ हे सगळे ऐकतात. आणि कोड झाडाला खिळ्यानं ठोकू नका, दोरीनं बांधा.

घरात याचा काही उपयोग आहे का?

वायफायचा कोड दारामागं लावा. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड त्या कोडातच असतात. पाहुणा स्कॅन करतो आणि जोडला जातो, ‘पासवर्ड सांगा की ओ’ बंद. नव्या अँड्रॉइड फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये हा कोड तयारच दिसतो, फक्त छापायचा.

भाडेकरू असतील तर पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरशेजारी कोड लावा आणि मागं एक मिनिटाची चित्रफीत ठेवा: कुठलं बटण आधी, टाकी भरल्यावर काय. रात्री अकराचे फोन थांबतात.

आईच्या मसाल्याची, लोणच्याची कृती तिच्याच आवाजात मुद्रित करा आणि बरणीवर कोड चिकटवा. ‘मीठ अंदाजानं’ हे ती ज्या सुरात म्हणते तो सूर कागदावर येत नाही.

माळ्यावरच्या खोक्यांना मीही मोठ्या हौसेनं कोड लावले होते, आत काय आहे त्याची यादी फोनवर दिसावी म्हणून. बायकोनं खडूनं आकडे घातले आणि वहीत यादी केली. माझी स्टिकरं दुसऱ्या पावसाळ्यात गळून पडली. तिची वही अजून चालू आहे.

वारीला जाणाऱ्या आजी-आजोबांच्या गळ्यात कोडाचा बिल्ला घालायचा असेल तर कोडात घरचा फोन नंबर थेट भरा, म्हणजे नेट नसलं तरी तो दिसेल. तोच नंबर खाली अक्षरांतही छापा. आधार क्रमांक, आजारांची यादी असलं काही त्यात नको. कोड कुणीही वाचू शकतं, त्याला कुलूप नसतं. आधार कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. क्रमांक शाईनं खोडला आणि शेजारचा कोड तसाच ठेवला तर नाव-पत्ता त्यातून निघतोच.

औषधाच्या खोक्यावरचा कोड कशाचा?

१ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० ठरावीक औषधांच्या ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यात औषधाचं नाव, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, कंपनीचा पत्ता आणि परवाना क्रमांक असतो. पट्टीवरच्या तारखेशी जुळतो का बघा. जुळला नाही तर दुकानदाराला विचारा.

गावासाठी, शहरासाठी काही करता येईल का?

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतो आपण. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं मराठी नाटकाची सुरुवात केली. त्यांच्या नावाचं नाट्यमंदिर आहे, पण वाट बघत उभ्या असलेल्या पोराला त्याची गोष्ट सांगणारं दाराशी काही नाही. तिसरी घंटा व्हायला दहा मिनिटं असतात, हात मोकळे असतात, लोक फोनच चाळत असतात. कोडासाठी याहून चांगली जागा मला सुचत नाही.

दुसरं पुराच्या खुणांचं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. कितीतरी घरांच्या भिंतींवर त्या पाण्याची रेघ होती, रंग दिल्यावर गेली. चौकाचौकांत त्या उंचीवर एक पाटी लावावी आणि पाटीवर कोड. मागं त्या चौकाचे २००५, २०१९ आणि २०२१ चे फोटो, शिवाय किती फुटांना इथं पाणी येतं ते. नव्यानं घर भाड्यानं घेणाऱ्याला ते आधीच कळेल.

पण पूर आल्यावर काय करायचं ते कोडात ठेवू नका. तेव्हा वीज जाते, नेट जातं, फोनची बॅटरी संपते. बोटीचा, नियंत्रण कक्षाचा नंबर मोठ्या अक्षरात रंगानंच लिहिलेला हवा.

कुठल्याही भिंतीवरचा कोड स्कॅन करावा का?

सरसकट नको. स्कॅन केल्यावर उघडण्याआधी फोन पत्ता दाखवतो, तो वाचा. बँकेचं नाव आणि पुढं भलतीच शेपटी दिसली तर मागं फिरा. वीजबिल थकल्याची पाटी, पार्किंगचा दंड, फुकट रिचार्ज अशा कोडांपासून लांबच बरं. अॅप उतरवून घ्या म्हणणारा कोड तर लगेच बंद करा.

मी घरीच कोड तयार करून आणला तर छापून द्याल का?

देईन की. फक्त व्हॉट्सअॅपवरून पाच जणांकडून फिरून आलेला स्क्रीनशॉट आणू नका, त्याच्या कडा पुसट होतात. पीडीएफ किंवा एसव्हीजी फाइल आणा, ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही. मोठ्या कामाआधी आम्ही एक नमुना काढतो आणि तो जिथं लावायचा तिथं नेऊन बघा म्हणून सांगतो, दुपारच्या उन्हात एकदा आणि संध्याकाळी दिव्याखाली एकदा.

आणि घरात जुना, काच तडकलेला, कॅमेऱ्यावर ओरखडे असलेला फोन पडून असेल तर येताना घेऊन या. चाचणी आम्ही त्याच्यावरच करतो.